"मॅडम, मी तसली बाई नाही हो"

दार लावून घेतल्यावर त्या ताईंचं पहिलं वाक्य हेच होतं. वय 44. सहा महिन्यांत तिसऱ्यांदा खाज, लघवीला आग, अंगावरून दह्याच्या कवडीसारखं पांढरं जाणं. मेडिकलमधून मलम आणायचं, आठ दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या, उष्णता आहे, सब्जा खा. नवरा काही बोलला नाही, पण बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. त्याच्या त्या गप्प बसण्यानं त्या आतून पार खचल्या होत्या.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून बुरशीचा संसर्ग सांगितला, सोबत रक्तही तपासायला लावलं. उपाशीपोटी साखर 212, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 9.8. म्हणून त्या माझ्याकडे, मधुमेहाच्या ओपीडीत आल्या होत्या. पण साखरेचं त्यांना काही विचारायचंच नव्हतं. "हे बाहेरून आलं का?" एवढंच.

मी सांगितलं, ताई, कॅन्डिडा नावाची ही बुरशी कितीतरी निरोगी बायकांच्या अंगात थोडीफार असतेच. एरवी ती गप्प असते. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की लघवीत उतरते, नाजूक जागेतही साखर वाढते, आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. त्यात वाढलेल्या साखरेमुळे पांढऱ्या पेशींचा जोर कमी पडतो. मलमानं बुरशी मरते, पण साखर चढीच राहिली तर ती परत वाढते. यात तुमच्या वागण्याचा काय संबंध?

त्या बराच वेळ रडल्या. मी रडू दिलं.

मग कळलं की त्या रोज जंतुनाशक घालून धूत होत्या. ते आधी बंद करायला सांगितलं. त्यानं कातडी सोलवटते आणि आग वाढते. नुसतं पाणी, सुती कपडे, जागा कोरडी ठेवणं पुरतं. आणखी एक गोष्ट मी प्रत्येकीला बजावते: बुरशीची गोळी परस्पर घेऊ नका. फ्लुकोनॅझोल या बुरशीच्या गोळीसोबत मधुमेहाची ग्लिमेपिराइड चालू असेल तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तर साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे साखर आटोक्यात असूनही हा त्रास होऊ शकतो. पण म्हणून ती मधुमेहाची गोळी मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं.

प्रत्येक खाज साखरेचीच असते असं नाही. अँटिबायोटिकनंतर, गरोदरपणातही हे होतं. पण पुन्हा पुन्हा होत असेल तर साखर तपासायलाच हवी.

तीन महिन्यांनी एचबीए1सी 7.4 वर आलं, खाज थांबली होती. या वेळी नवरा सोबत होता. ताई बाहेर गेल्यावर ते खुर्चीत पुढे सरकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, मलाही तिथं लाल होऊन खाज येते, वर्ष झालं. बोलायची लाज वाटली." त्यांची साखर आजवर कधीच तपासली नव्हती. मी लॅबची चिठ्ठी लिहून दिली.