मेल सर्व्हरचा लोड 40, सीपीयू मात्र रिकामा. रॅम वाढवू का?

रॅमचं कोटेशन आज मागवू नका. तुम्ही लिहिलंय की पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स उघडून देणारा) आहे, पुढे अमाविस (मेल तपासणीतून नेणारा) आणि क्लॅमएव्ही (व्हायरस शोधणारा), 4 कोअर, 8 जीबी रॅम, साधी हार्डडिस्क. सकाळी दहाला लोड 30-40 वर जातो, मेल अडकतात, आणि टॉप या कमांडमध्ये सीपीयू मात्र निवांत दिसतो. यातच अर्धं उत्तर आलं. काम सीपीयूपाशी नाही, बहुतेक डिस्कपाशी तुंबलंय.

लोड म्हणजे सीपीयूची टक्केवारी असं बरेच जण धरून चालतात. तो आकडा पिठाच्या गिरणीतल्या डब्यांच्या रांगेसारखा आहे. जातं फिरतंय आणि रांगेत 40 डबे आहेत, तरी 40. गिरणीवाला सुटे आणायला गेलाय, जातं थांबलंय, तरीही 40च. डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही लिनक्स 1993 पासून लोडमध्ये धरतं. पीएस या कमांडच्या यादीत त्यांच्यासमोर 'डी' दिसतो. आधी ही डी-वाली मंडळी कोण आहेत ते बघा.

माझंच सांगतो. भोसरीतल्या एका छोट्या कारखान्याचं आयटी मी एकटा बघतो, सव्वाशेच्या आसपास मेलबॉक्स. आमच्याकडे सुट्टी गुरुवारची. एका शुक्रवारी सकाळी गेलो तर मेल उघडेना, आणि लोड 58. टॉपमध्ये डब्ल्यूए ऐंशीच्या वर, म्हणजे सीपीयू हातावर हात ठेवून डिस्ककडे बघत बसलेला. मेलक्यू (रांगेतले मेल दाखवणारी कमांड) चालवलं तर पडदा थांबेचना. शेवटच्या ओळीत 38,000 मेल. त्यातले जवळपास सगळे एकाच पत्त्यावरून, डिस्पॅचच्या. डिस्पॅचचे काका दिवसाला फार तर वीस मेल करत असतील! लॉगमध्ये त्यांच्या नावाचं सासल लॉगिन (मेल पाठवताना पासवर्ड देऊन होतं ते) शोधलं, तर बुधवारी रात्रीपासून परदेशातल्या डझनभर आयपींवरून लॉगिन. पासवर्ड कंपनीचं नाव आणि पुढे 123. तो मीच करून दिला होता, त्यामुळे काकांना बोलायची सोय नव्हती.

एवढ्याने डिस्क का बसते? पोस्टफिक्स प्रत्येक मेल आधी रांगेतल्या फाईलमध्ये लिहितो आणि ती डिस्कवर खरोखर उतरल्याशिवाय 'मिळाला' म्हणत नाही. मेल अमाविसकडे जाऊन परत येतो तेव्हा पुन्हा लिहिला जातो. समोरच्याने नाकारला की बाउन्स हा आणखी एक मेल. समोरच्याने 'नंतर या' म्हटलं तर तो डिफर्डमध्ये, म्हणजे नंतर पाठवायच्या रांगेत, पडतो आणि पाच दिवस अधूनमधून डोकं वर काढतो. फिरत्या डिस्कला सेकंदाला शे-दीडशे अशा सुट्या उड्या झेपतात, फार नाही.

आधी पासवर्ड बदलला आणि पोस्टफिक्स-डव्हकॉट दोन्ही सर्व्हिस रीस्टार्ट केल्या, नाहीतर जुनी लॉगिन चालूच राहतात. मग फक्त त्या पत्त्यावरून निघालेले मेल पोस्टसुपर या कमांडने रांगेतून उडवले. इथे 'ऑल' लिहून सगळी रांगच उडवायचा मोह होतो. मी पूर्वी एकदा लिहिलं होतं आणि त्यात चाकणच्या गिऱ्हाईकाची सहा इनव्हॉइस गेली. अकाउंट्सवाल्या मॅडम अजून आठवण काढतात.

तरीही लोड 15 च्या खाली येईना. व्हीएमस्टॅट ही कमांड दर सेकंदाला चालवली, तर तिचे एसआय-एसओ हे रकाने शून्यावर येतच नव्हते, म्हणजे स्वॅप चालू, रॅम पुरत नाही म्हणून डिस्क वापरली जातेय. कारण पुन्हा मीच. मेल लवकर निघावेत म्हणून अमाविसचे मॅक्स-सर्व्हर्स (एका वेळी किती प्रोसेस चालतील तो आकडा) 2 वरून 20 केले होते. स्पॅमअसॅसिन (स्पॅम ओळखणारा) पोटात घेतलेली प्रत्येक प्रोसेस शंभरेक एमबी सहज खाते, आणि क्लॅमएव्हीची प्रोसेस क्लॅमडी एकटी हल्ली एक जीबीच्या वर. व्हायरसच्या नवीन सिग्नेचर, म्हणजे ओळखखुणा, लोड करताना ती थोडा वेळ दुप्पट होते. 4 केल्यावर मेल उलट भराभर निघायला लागले. पोस्टफिक्सच्या मास्टर डॉट सीएफ या सेटिंगच्या फाईलमध्येही तोच आकडा ठेवा, नाहीतर पोस्टफिक्स चारऐवजी वीस जणांना आत पाठवतो.

तुमचं मात्र रोज ठरल्या वेळी होतंय, म्हणून माझा पहिला संशय बॅकअपवर आहे. मेलडिर या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येक मेलची वेगळी फाईल असते. लाखो फाईल्सवरून फिरणारा आरसिंक (फाईल्सची नक्कल करणारा बॅकअप) रात्री दोनला सुरू झाला तरी दहाला चालू सापडू शकतो, आणि नेमकं तेव्हाच सगळं ऑफिस आउटलुक उघडतं. आयओटॉप (डिस्क कोण वापरतंय ते दाखवणारी कमांड) लावलंत की मिनिटात कळेल. तसंच असेल तर त्याला आयओनाइस लावून डिस्कच्या रांगेत मागे ठेवा, नाहीतर वेळ अलीकडे घ्या. दुसरा संशय त्या एका साहेबांवर (प्रत्येक ऑफिसात असतात) ज्यांच्या इनबॉक्समध्ये दहा वर्षांचे मेल आहेत आणि जे रोज सकाळी मजकुरातला शब्द शोधतात. सर्चचा इंडेक्स नसेल तर डव्हकॉट एकेक फाईल उघडून वाचत बसतो.

उलट रांग वाढतेय आणि लोड कमीच आहे असं कधी दिसलं तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा, तपासा. उत्तराची वाट बघत झोपलेली प्रोसेस लोडमध्ये धरली जात नाही. स्पॅमहाउससारख्या स्पॅमर्सच्या याद्या गुगलच्या 8.8.8.8 या डीएनएसवरून विचारल्या तर नीट उत्तर देत नाहीत, म्हणून सर्व्हरवरच स्वतःचा डीएनएस, म्हणजे अनबाउंड, टाकलेला बरा.

एसआय-एसओ सतत हलत असतील आणि अमाविस आधीच 2-3 वर असेल, तर रॅम घ्या. ते शून्य आणि डब्ल्यूए चढलेला असेल, तर त्याच पैशात रांगेसाठी आणि इंडेक्ससाठी एसएसडी येईल.

उद्या दहाला व्हीएमस्टॅटच्या तीसेक ओळी, मेलक्यूची शेवटची ओळ आणि डी-वाल्या प्रोसेसची नावं इथे टाका, मग बघू. टाकण्याआधी आयपी आणि मेलचे पत्ते तेवढे खोडा.