मामिमध्ये सिनेमे निवडतात तरी कसे, आणि त्यात मराठी इतके कमी का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. मुंबईच्या चित्रपट महोत्सवात, म्हणजे मामिमध्ये, सिनेमे कोण आणि कसे निवडतं. कान-व्हेनिसला गाजलेलेच सिनेमे पुन्हा इथे कशाला. आणि मुंबईतला महोत्सव असून मराठी सिनेमे एवढे थोडे का. मी फिल्म सोसायटीत सिनेमा बघायला शिकलो, मामिला डेलिगेट म्हणून बरीच वर्षं जातोय आणि मध्यंतरी एका छोट्या लघुपट महोत्सवासाठी प्राथमिक निवडीचं कामही केलं आहे. त्या जोरावर लिहितो.

सिनेमा महोत्सवात दोन वाटांनी येतो. एक तर दिग्दर्शक-निर्माते स्वतः प्रवेशिका भरतात, नाहीतर महोत्सवाची माणसं सिनेमा शोधून त्याला बोलावतात. तुम्ही ज्यांना 'गाजलेले' म्हणता ते बहुतेक दुसऱ्या वाटेचे. बर्लिन, कान, व्हेनिस, टोरांटो इथे सिनेमा पाहायचा, त्याचे हक्क ज्या विक्री एजंटकडे असतील त्याच्याशी बोलायचं आणि दाखवण्याची फी ठरवायची. ही फी बहुतेकदा परकीय चलनात आणि शोच्या हिशेबाने असते. एखादा सिनेमा एकदाच का दाखवला, म्हणून आपण चिडतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

त्यात कॅलेंडर. मामि साधारण ऑक्टोबरात, म्हणजे व्हेनिस-टोरांटो आटोपल्यावर आणि गोव्याचा सरकारी महोत्सव इफ्फी नोव्हेंबरात सुरू व्हायच्या आत. डिसेंबरात केरळ, जानेवारीत पुणे. सगळ्यांनाच तो सिनेमा भारतात पहिल्यांदा आपल्याकडे हवा असतो. तेव्हा यादीतली मोठी नावं ही निवडीइतकीच रस्सीखेचीतूनही आलेली असतात, हे ध्यानात ठेवा.

खरी निवड मला दिसते ती प्रवेशिकांमध्ये. आमच्या त्या छोट्या महोत्सवाला बेस्टच्या एका कंडक्टरवरचा माहितीपट आला होता. आवाज फाटलेला, सुरुवातीची काही मिनिटं नुसती धडपड. मग शेवटची फेरी संपवून तो डेपोत हिशेब द्यायला बसतो आणि कॅमेरा त्याच्या बोटांवर थांबतो. चिल्लर रचतोय, एक ढीग पडतो, पुन्हा रचतो, मागे कोणीतरी सुट्टीच्या अर्जावरून वाद घालतंय. समितीतल्या दोघांनी तो बादच केला होता. एकीने मात्र हट्ट धरला आणि तो लागला. समितीचं काम कसं चालतं ते मला तेव्हा कळलं. सगळ्यांनी 'ठीक आहे' म्हटलेला सिनेमा गुणांच्या बेरजेत आरामात पुढे सरकतो. एकाला जीव की प्राण आणि दोघांना नकोसा वाटलेला मागे पडतो. तो मागे पडलेला उचलून आणतो तो चांगला प्रोग्रॅमर, म्हणजे महोत्सवाचे सिनेमे ठरवणारा माणूस, असं माझं पक्कं मत आहे.

मामिच्या बाबतीत याचं सगळ्यात चांगलं उदाहरण २०१४ चं. त्या वर्षी मोठा प्रायोजक बाहेर पडला होता आणि लोकांनी पैसे गोळा करून महोत्सव वाचवला. आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्या काळी दिग्दर्शकांच्या पहिल्या सिनेमांसाठीच राखलेली असे. त्या स्पर्धेत चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' जिंकला. तो व्हेनिसहून दोन पुरस्कार घेऊन आला होता हे खरं, पण सिनेमा आपल्याच शहरातल्या एका लोकशाहिरावरच्या खटल्याचा, मराठी-हिंदी-गुजराती-इंग्रजी बोलणारा, नव्या मुलाचा. 'पहिलाच सिनेमा हवा' असा साधा नियम, पण त्या नियमानेच अशा सिनेमांना हक्काची जागा ठेवली होती. २०२३ मध्ये मामिने मुख्य भर दक्षिण आशियाकडे वळवला. त्यालाही माझा पाठिंबा आहे. नेपाळ, श्रीलंका, बांगलादेशचे सिनेमे मुंबईत एरवी कुठल्या थिएटरला लागतात सांगा.

आता तुमच्या तक्रारीबद्दल. पुरस्कारप्राप्त सिनेमे आणू नयेत असं मी म्हणणार नाही. २०२४ ला उद्घाटनाला पायल कपाडियांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' होता, कानचा ग्रां प्री पुरस्कार मिळवून आलेला. छाया कदम त्यात रत्नागिरीहून आलेल्या, राहत्या घरातून हुसकावल्या जाणाऱ्या बाईच्या भूमिकेत आहेत. तो सिनेमा मुंबईने आधी बघायलाच हवा होता. पण असे मोठे सिनेमे बहुतेकदा पुढेमागे थिएटरला किंवा ओटीटीवर येतातच. महोत्सवाची किंमत मी करतो ती जे पुन्हा कुठेच दिसणार नाहीत त्यांच्यावरून: रिस्टोअर केलेले जुने सिनेमे, पहिलटकरांचे सिनेमे, लांब माहितीपट, मामिच्या 'डायमेन्शन्स मुंबई' विभागातले पोरांचे शहरावरचे लघुपट.

निवड फक्त निवडणाऱ्यांच्या हातात असते असंही नाही. २०१६ मध्ये मामिने 'जागो हुआ सवेरा' हा १९५९ चा पाकिस्तानी सिनेमा निवडला होता. पूर्व पाकिस्तानातल्या कोळ्यांची गोष्ट, लेखन फैज अहमद फैज यांचं, मुख्य भूमिकेत आपल्या तृप्ती मित्रा. उरीच्या हल्ल्यानंतरचे दिवस होते, एका संघटनेने विरोध केला आणि तो वगळावा लागला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या इफ्फीत रवी जाधवांचा 'न्यूड' हा मराठी सिनेमा परीक्षकांनी निवडूनही माहिती-प्रसारण मंत्रालयाने इंडियन पॅनोरमा या भारतीय सिनेमांच्या विभागातून काढला. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. त्याआधी २००४ मध्ये मिफ या मुंबईतल्या माहितीपटांच्या सरकारी महोत्सवाने भारतीय प्रवेशिकांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली होती. माहितीपटकारांनी आवाज उठवल्यावर अट गेली, पण पुष्कळ सिनेमे नाकारले गेले. तेव्हा त्यांनी त्याच दिवसांत मुंबईतच 'विकल्प' नावाने स्वतःचा महोत्सव भरवला. हा शहराच्या सिनेमा इतिहासातला मला फार मोलाचा वाटणारा प्रसंग आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही, ती म्हणजे वेळापत्रक. निवडलेला सिनेमा मंगळवारी सकाळी दहाला, जुहूच्या सगळ्यात छोट्या पडद्यावर, एकदाच लावला तर तो निवडून काय साधलं? अलीकडच्या वर्षांत पडदे मुख्यतः जुहू-अंधेरीकडे सरकलेत. डोंबिवलीचा किंवा विरारचा माणूस ऑफिस सांभाळून तिथे कसा पोचणार? गाजलेल्या नावांना संध्याकाळचा मोठा पडदा आणि मराठी, आसामी, मल्याळी पहिल्या सिनेमाला आडवेळ, असं होतं तेव्हा मला मनापासून राग येतो. पुढच्या वेळी यादीबरोबर वेळापत्रकही वाचा. कोणत्या सिनेमावर महोत्सवाचा जीव आहे ते तिथे कळतं.

मराठीचं काय? एक कारण पुणे. तिथल्या पिफ या चित्रपट महोत्सवात मराठीची स्वतंत्र स्पर्धा आहे, राज्य शासनाचा संत तुकाराम पुरस्कार आहे. निर्माता साहजिकच तिकडे बघतो. दुसरं, ज्यांना बाहेर जायचंय ते आधी परदेशी महोत्सवांच्या उत्तराची वाट बघतात आणि तोवर मुंबईची तारीख उलटते. तिसरं कारण निवडणाऱ्यांचं. प्राथमिक निवडीत मराठी, त्यातही वऱ्हाडी-मालवणी कानाला ओळखीची असलेली माणसं बसवायला हवीत. सबटायटल घाईत केलेली असली की सिनेमातली अर्धी माणसं एकाच सुरात बोलतात आणि अनोळखी कानाला तो सिनेमाच सपाट वाटतो. हे महोत्सवाने सुधारायचं आहे, तसं निर्मात्यांनीही.

मामिवरच थांबू नका. मुंबईतलाच थर्ड आय आशियाई चित्रपट महोत्सव बघा. तो उभा राहिला तोच फिल्म सोसायटीच्या माणसांच्या बळावर, आणि त्यात मराठीला हक्काची जागा असते. प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून मुंबईत सिनेमे दाखवतंय, त्यांचं सदस्यत्व घ्या. २०२५ ला मामि झालाच नाही. अशा वर्षी तर हाच आधार असतो.

पास काढलात तर पुरस्कारवाले सिनेमे दिवसाला एकच ठेवा. उरलेल्या वेळात ज्याचं नाव ऐकलेलं नाही अशा दिग्दर्शकाचा सिनेमा निवडा, आणि संपल्यावर तो प्रश्नांना उभा राहिला तर लोकलची घाई न करता थांबा. मराठी असेल तर मराठीतच विचारा.