दाराला अडकवलेली पाटी

जानेवारीत सांगलीहून एका आईंचा फोन आला. मुलगी ऑक्टोबरमध्ये जर्मनीला गेली, श्टुटगार्टला एम.एस. करतेय. "मॅडम, तीन महिने झाले, तिकडच्या एका माणसाशी ओळख नाही तिची. फोनवर रडते. म्हणते, इथे मी कुणाला नकोच आहे. परत बोलावून घेऊ का?"

मी समुपदेशक, त्यामुळे हा प्रश्न मला दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. पहिलं सत्र, साडेचारलाच अंधार, आणि मुलांना रडू फुटतं तेव्हा इथे रात्रीचे नऊ वाजून आईबाबा ताटावर बसलेले. घास घशात अडकतो.

मुलीशी व्हिडिओवर बोलले. तिला सायली म्हणू. नाव आणि काही तपशील बदलले आहेत. आधी नेहमीचं विचारून घेतलं: झोप, जेवण, लेक्चर बुडवतेस का, जगणं नकोसं वाटतं का. झोप उशिरा लागत होती, एवढंच. यातलं काही जास्त बिघडलेलं असतं तर मी पुण्यात बसून सल्ले देत राहिले नसते. तिथे विद्यार्थ्यांची वसतिगृहं आणि मेस चालवणारी संस्था असते, तिच्याकडे बहुतेक शहरांत समुपदेशकही असतात. त्यांच्याकडे आधी पाठवलं असतं.

मग तिचा दिवस ऐकला. फ्लॅटमध्ये तिघी: ती स्वतः, एक पुण्याची, एक हैदराबादची. सकाळी पोहे, घरात मराठी-हिंदी, वर्गात इंग्रजी. जर्मन फक्त दुकानाच्या काउंटरवर, तेही ‘हालो’ आणि ‘च्यूस’ (म्हणजे बाय) एवढ्यापुरतं. यात चूक काही नाही. परक्या मुलखात आपल्या माणसांचा आधार लागतोच.

पण पहिला सल्ला मी चुकीचाच दिला. म्हटलं, स्वतःहून बोल, हस, कुणाला कॉफीला बोलाव. पोरीने इमानदारीत केलं. ट्रॅममध्ये तीन जणांकडे पाहून हसली. एकाने खिडकीकडे तोंड फिरवलं, दोघांनी मोबाइलकडे. पुढच्या सेशनला ती आणखी खचून आली, आणि ते माझ्यामुळे.

त्याच सेशनमध्ये तिने एक चिठ्ठी दाखवली. पत्रपेटीत कुणीतरी टाकलेली, सुबक अक्षरात. मोबाइलवर भाषांतर करून तिघींनी वाचली होती: तुम्ही तुमचा आठवडा केलेला नाही, कृपया लक्ष द्यावे. शेवटी ‘स्नेहपूर्वक नमस्कार’. "हा टोमणा आहे ना मॅडम? आम्ही इंडियन म्हणून?"

"कसला आठवडा?" मी विचारलं. तिला माहीत नव्हतं. मग आठवलं, दाराच्या मुठीला एक छोटी लाकडी पाटी लटकत होती, दोन आठवडे. ‘केरवोखं’ लिहिलेली. यांना वाटलं, ख्रिसमसची सजावट असेल.

त्या भागातल्या जुन्या इमारतींत ही रीत आहे. ‘केर’ म्हणजे झाडणं (आपल्याला डिक्शनरी नको!), ‘वोखं’ म्हणजे आठवडा. ज्याच्या दाराला पाटी, त्याने त्या आठवड्यात आपल्या मजल्यावरचा जिना झाडून पुसायचा. मोठ्या केरवोख्यात तळमजला, अंगण, फुटपाथसुद्धा, आणि बर्फ पडला तर सकाळी सातच्या आत तो ओढायचा. काम झालं की पाटी शेजारच्या दाराला.

मी सदाशिव पेठेत वाढले. ‘येथे सायकल लावू नये’ वाचतच लहानाची मोठी झाले. चिठ्ठी लिहिणारा शेजारी बोलायला आला असता तर मला जास्त काळजी वाटली असती. सायलीला म्हटलं, शनिवारी जिना पुस. रविवारी नको, त्या दिवशी तिकडे दुकानंही बंद आणि आवाजही बंद.

पुसायला लागली तर खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. सत्तरीच्या आजी, चिठ्ठी त्यांचीच. काही न बोलता थोडा वेळ बघत राहिल्या. मग सायलीच्या हातातून फडकं घेतलं, घट्ट पिळलं आणि पायरीच्या कोपऱ्यात बोटाने दाबून दाखवलं: इथे. पुढच्या पायरीला परत दिलं. सायली मला म्हणाली, "अगदी आमच्या मोठ्या काकू."

आईंना हे सांगितलं तर त्यांचा वेगळाच संताप. "इथे कधी केरसुणीला हात लावला नाही, आणि तिकडे लोकांचे जिने पुसते?"

इथून पुढे मी माझा सल्ला बदलला. गप्पा मारायला जाऊ नकोस, जिथे ठरलेल्या वारी जावंच लागेल असं काहीतरी पकड. तिकडे सगळं संघटनेत चालतं. सात माणसं जमली की रीतसर नोंदणी करून मंडळ काढतात, गाण्याचं, डोंगर चढायचं, कशाचंही. सायलीने विद्यापीठात बॅडमिंटन धरलं. दर मंगळवारी तीच वेळ, तेच कोर्ट. पहिले चार आठवडे कुणी नावसुद्धा विचारलं नाही. पाचव्या मंगळवारी ती गेली नाही, तर सहाव्याला तिघांनी विचारलं, आजारी होतीस का?

सगळंच गैरसमजाचं नव्हतं, हेही लिहायला हवं. खोली शोधताना एका घरमालकाने फोनवर नाव ऐकताच ‘खोली गेली’ म्हटलं होतं. जाहिरात पुढे महिनाभर तशीच. तो अपमान होता. त्याला ‘त्यांची रीत’ म्हणून मी तिची समजूत घातली नाही, आणि आईबाबांनीही घालू नये.

एप्रिलमध्ये तिचं शेवटचं सेशन झालं. आजी अजून तिला ‘फ्राउ’ लावून आडनावानेच हाक मारतात, अहो-जाहोच करतात. मैत्री झाली का, या आईंच्या प्रश्नाला ती नीट उत्तर देऊ शकत नाही. मला मात्र तिने वेगळंच विचारलं. वरच्या मजल्यावर दोन नवी स्पॅनिश मुलं आली आहेत. पाटी त्यांच्या दाराला दहा दिवस लटकतेय आणि जिना तसाच.

"मॅडम, चिठ्ठी लिहू का?"

लिही म्हटलं. पण शेवटी ‘स्नेहपूर्वक’ विसरू नकोस.