सुरू करायला एक सही, थांबवायला दोन तृतीयांश

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत असते, त्यामुळे अमेरिकेच्या बातम्यांकडे आमचं लक्ष असतं. तिथला राष्ट्राध्यक्ष काँग्रेसला (म्हणजे तिथल्या संसदेला) न विचारता कुठल्याही देशावर हल्ला करू शकतो का? त्याला अडवणारा कायदाच नाहीये का? आणि आपले राष्ट्रपती पण तिन्ही दलांचे सर्वोच्च प्रमुख, मग त्यांना पण एवढी पॉवर असते का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो. आपल्या घटनेच्या कलम ५३ मध्ये सर्वोच्च सेनापती राष्ट्रपतीच आहेत, पण कलम ७४ नुसार ते चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. म्हणजे निर्णय पंतप्रधान आणि कॅबिनेटचा.

अमेरिकेत युद्ध पुकारायचा अधिकार घटनेने काँग्रेसला दिलाय. पण तिने रीतसर युद्ध पुकारलं ते शेवटचं १९४२ साली! व्हिएतनाम, इराकच्या वेळी निदान ठराव तरी झाले, कोरियात १९५० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमननी तेवढीही मंजुरी न घेता सैन्य उतरवलं.

कायदा आहे की, १९७३ चा वॉर पॉवर्स रिझोल्यूशन, राष्ट्राध्यक्ष निक्सननी व्हेटो केला, म्हणजे नकाराधिकार वापरला, तरी काँग्रेसने तो मोडून पास केलेला. सैन्य लढाईत उतरवलं की ४८ तासांत कळवायचं, ६० दिवसांत मंजुरी नाही मिळाली तर थांबायचं, माघारीला फार तर अजून ३० दिवस. आणि मधेच काँग्रेसला वाटलं तर दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव करायचा की सैन्य परत, राष्ट्राध्यक्षाची सही लागणारच नाही अशी सोय होती.

ही सोय गेली ती भलत्याच केसमुळे. चढ्ढा नावाच्या, व्हिसा संपलेल्या विद्यार्थ्याच्या हद्दपारीचं प्रकरण होतं, त्यात १९८३ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की राष्ट्राध्यक्षाकडे न पाठवलेल्या ठरावाला कायद्याचं बळ नाही. झालं, आता ठराव त्याच्याच टेबलावर जातो, तो व्हेटो करतो आणि मग दोन्हीकडे दोन तृतीयांश मतं जमवावी लागतात. २०१९ मध्ये येमेनच्या युद्धातून अमेरिकेला बाहेर काढायच्या ठरावाचं हेच झालं, दोन्ही सभागृहांत पास, ट्रम्प यांचा व्हेटो, आणि तो मोडायला सिनेटमध्ये मतं पडली फक्त ५३. म्हणजे बहुमत असूनही हरले, आणि हे मला लोकशाहीच्या दृष्टीने फार गंभीर वाटतं.

६० दिवसांचं पण तसंच. २०११ ला लिबियात मुदत उलटून गेली तेव्हा ओबामा सरकार म्हणालं, जमिनीवर आपलं सैन्य नाही, आपल्या सैनिकांना धोका कमी, त्यामुळे ६० दिवसांची अट इथे लागूच होत नाही. वरून बॉम्ब पडतायत आणि हे युद्ध नाही, हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही.

काँग्रेसच्या हातात खरं हत्यार उरतं ते पैशाचं. कंबोडियावरचे बॉम्बहल्ले १५ ऑगस्ट १९७३ ला थांबले कारण काँग्रेसने त्या तारखेनंतरचा पैसाच बंद केला होता, आणि निक्सनना ते मान्य करावं लागलं, कारण सरकार चालवायला लागणाऱ्या बिलांनाच ती अट जोडलेली होती.