जुनी गाडी आधी थंड असताना बघा, मग भर उन्हात

जुळे सोलापूरहून चिंचोळी एमआयडीसी, जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, बजेट साडेतीन लाख, आणि बघितलेली गाडी २०१७ ची डिझेल हॅचबॅक, पहिला हात, बासष्ट हजार किलोमीटर चाललेली. घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. तुमचा सगळा जीव त्या बासष्ट हजारात अडकलेला दिसतोय. मी म्हणेन, आपल्या गावात आकड्याआधी त्या गाडीत पाणी कुठलं पडलंय ते बघा.

माझी पहिली जुनी गाडी मी आकडा बघूनच घेतली होती. आधीच्या मालकाने रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं होतं. बोअरवर चालणाऱ्या गिझरची कॉइल ज्याने उघडून बघितलीय, त्याला तो पांढरा थर माहीत आहे. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि लोखंडाला आतून गंज धरतो. थंडीत काही कळलं नाही. मे महिन्यात आईला दवाखान्यात दाखवून परत येताना लांबोटीच्या अलीकडे काटा वर गेला आणि बोनेटमधून वाफ आली. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधली सीलबंद पट्टी, गेलं होतं. बावीस हजार गेले त्याचं सोडा, आई त्या उन्हात रस्त्याच्या कडेला दीड तास बसली, ते मला आजही विसरता येत नाही.

म्हणून मालकाला सांगा, सकाळी सातला येतो, तोवर गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी आधीच चालू करून ठेवलीय, दुसऱ्या दिवशी परत या. थंड असेल तरच रेडिएटरचं झाकण किंवा कूलंटची बाटली उघडा. गरम असताना अजिबात हात लावू नका, उकळतं पाणी अंगावर येतं. आत हिरवं, गुलाबी किंवा निळं, स्वच्छ कूलंट दिसायला हवं. चहासारखं तांबूस पाणी किंवा कडेला पांढरा थर दिसला की भाव करण्यातही वेळ घालवू नका. मग ऑइलचं झाकण काढून आतून बघा. तिथे ताकासारखा पांढरट फेस असेल तर ऑइलमध्ये पाणी शिरत असण्याची शक्यता आहे. मेस्त्रीने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चावी फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर तो कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो. धूर निळसर असेल तर इंजिन ऑइल खातंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी जळत असू शकतं.

दुसरी फेरी दुपारी दोनला. केगावच्या पुढे पुणे रोडवर जाऊन या, ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं का, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. परत आल्यावर एसी चालू ठेवून गाडी उन्हात वीस मिनिटं उभी करा. रेडिएटरचा फॅन चालतो का, काटा जागेवर राहतो का, उभ्या गाडीतही हवा गार येते का? चालत्या गाडीत गार आणि उभ्या गाडीत कोमट, असं असेल तर फॅन किंवा कंडेन्सरचं (एसीची पुढची जाळी) काम निघू शकतं.

पाण्याचंच अजून एक. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुरात माढा-मोहोळकडच्या गावांत पाणी शिरलं. अशी बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकायला येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाची रेघ दिसते का बघा. सीटखालचे रूळ गंजलेत का, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, तेही बघा. गाडीत अत्तराचा फारच घमघमाट असेल तर मॅट उचलून वास घ्या.

आकड्याचं थोडक्यात: आकडा खरा आहे का ते कळायला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची नोंद मागा आणि क्लचच्या पेडलचं रबर आकड्याच्या मानाने जास्त झिजलंय का बघा. टायर कधीचे ते कळायला त्यांच्यावरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

आता डिझेलचं. महिन्याला हजार किलोमीटर तुमचं चालणं. पेट्रोल गाडीचं १७ आणि डिझेलचं २१ चं मायलेज धरलं तर वर्षाला एकशे पस्तीस लिटर कमी लागेल, आणि डिझेल थोडं स्वस्तही पडतं. पण इंजेक्टर किंवा टर्बोचं एक काम निघालं की दोन वर्षांची बचत त्यात जाते. तुमच्या जागी मी असतो तर साधी पेट्रोल गाडी शोधली असती. सीएनजी बसवलेली मिळाली तर किट आरसीवर (गाडीच्या नोंदणी पत्रावर) चढलंय का आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झालीय का, हे बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

कागदांत सगळ्यात जास्त अडतं ते बोजापाशी, म्हणजे गाडीवरच्या कर्जाच्या नोंदीपाशी. कर्ज फिटलेलं असतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच राहिलेलं असतं. बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय इसारापलीकडे एक रुपया देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घ्या, थकलेली ई-चलनं आधी भरायला लावा. विजयपूर-कलबुर्गीकडची केए पासिंग (कर्नाटकच्या नंबरची) गाडी स्वस्त दिसते, पण तिकडची एनओसी आणि इथला टॅक्स धरला की स्वस्ताई उरत नाही. विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याची हप्त्यातली सूट) तुम्हाला मिळत नाही.

रविवारी सकाळी सातला बघायला जाणार असाल तर कळवा. मी विजापूर रोडलाच राहतो, ओळखीच्या मेस्त्रीला घेऊन येतो.