फाजच्या डीएनएची टोके : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लॅम्डा-हिंडथ्री मार्करचा ४.४ किलोबेसचा (सुमारे ४,४०० बेसजोड्यांचा) पट्टा दर वेळी फिकट का दिसतो?

मार्कर, म्हणजे जेलमध्ये डीएनएच्या तुकड्यांची लांबी ताडून पाहायचे माप, टाकून देऊ नका. लॅम्डा हा फाज, म्हणजे जिवाणूंत वाढणारा विषाणू. त्याचा डीएनए सरळ, ४८,५०२ बेसजोड्यांचा. दोन्ही टोकांना १२ बेसची एकेरी, परस्परपूरक शेपटी. हिंडथ्री या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने कापल्यावर या शेपट्या २३.१ आणि ४.४ किलोबेसच्या तुकड्यांवर उरतात आणि एकमेकींना चिकटतात, म्हणून ४.४चा पट्टा फिकट पडतो. जेलमध्ये भरण्याआधी ६५ अंश सेल्सिअसला ५ मिनिटे तापवा आणि लगेच बर्फात ठेवा. सावकाश थंड केलेत तर त्या पुन्हा जुळतील.

फाजला मात्र हाच चिकटपणा हवा असतो. जिवाणूत शिरताच डीएनएचे कडे होते आणि ई. कोलाय या जिवाणूचे लायगेज (डीएनए सांधणारे एन्झाइम) सांधा पक्का करते. कड्याला टोक नाही, त्यामुळे टोक अपुरे राहण्याचा प्रश्नच नाही. नंतर फिरत्या चाकावरून सूत निघावे तशी सलग प्रतींची साखळी निघते. टर्मिनेज हे फाजचे एन्झाइम ती ‘कॉस’ जागी, म्हणजे शेपट्या जुळतात तिथे, कापून फाजच्या डोक्यात भरते.

प्रश्न : टी७ हा फाज असे कडे करत नाही. मग त्याची टोके अपुरी राहत नाहीत?

राहतात. पॉलिमरेजला, म्हणजे डीएनएची प्रत काढणाऱ्या एन्झाइमला, सुरुवातीला आरएनएचा प्रायमर (सुरुवात करून देणारा छोटा तुकडा) लागतो. तो निघाला की नवा धागा ५ प्राइम टोकाशी, म्हणजे त्याच्या सुरुवातीच्या टोकाशी, तोकडा पडतो आणि समोरचा जुना धागा उघडा राहतो. पण टी७च्या दोन्ही टोकांना १६० बेसजोड्यांचा एकच क्रम आहे. त्यामुळे एका प्रतीचे उघडे टोक दुसरीच्या विरुद्ध टोकाशी जुळते. जेम्स वॉटसन यांनी १९७२मध्ये हे सुचवले. आकृत्यांत एक गोष्ट सहज निसटते : सांध्यात हा क्रम एकदाच उरतो, म्हणून डोक्यात भरताना तो पुन्हा तयार करावा लागतो.

प्रश्न : फिनॉलने काढताना फाय२९ या फाजचा डीएनए जातो कुठे?

फिनॉल आणि पाणी यांच्या मधल्या थरात. त्याच्या दोन्ही ५ प्राइम टोकांना प्रथिन पक्क्या रासायनिक बंधाने जोडलेले असते. आधी प्रोटिनेज-के हे प्रथिन तोडणारे एन्झाइम वापरा; पण तसा डीएनए बॅसिलस सबटिलिस या यजमान जिवाणूत घालून फाज मिळण्याची अपेक्षा धरू नका. कारण इथे प्रथिनच प्रायमर आहे. त्याच्या २३२व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लावर पहिला ‘ए’ बेस बसतो, तोही साच्यातल्या दुसऱ्या बेससमोर. मग तो एक घर मागे सरकतो आणि टोकाचा एकही बेस गळत नाही. फाजच्या साऱ्या युक्त्यांत ही सर्वांत देखणी.

प्रश्न : डीएनएच्या प्रती वाढवायला फाय२९ पॉलिमरेज वापरताना साचा न घातलेल्या नळीतही डीएनए येतो!

सहा बेसचे रँडम प्रायमर कुठल्याही डीएनएला चिकटतात, अभिकर्मकांतल्या लेशमात्र डीएनएलाही. त्यामुळे नुसते प्रमाण मोजून काही कळत नाही. हिंडथ्रीसारख्या रिस्ट्रिक्शन एन्झाइमने कापून अपेक्षित पट्टे दिसतात का पाहा.