सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी पाय उचलत नाही: मग मी नाटक करतेय का?

"मॅडम, सगळे म्हणतात तुला काहीच झालेलं नाही. मग हा पाय माझं ऐकत का नाही?"

समुपदेशनात मला हा प्रश्न विचारणारी पुण्याच्या सिंहगड रस्ता भागातली, पस्तिशीतली शिक्षिका. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) जिन्यावरून घसरून डावा गुडघा मुरगळला. सूज आठवड्यात उतरली, पण पाय जड पडला आणि फरशीवरून ओढत न्यावा लागू लागला. त्याच सुमारास, जानेवारी 2025 मध्ये, त्या भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते तो आजार) साथ होती. घरच्यांच्या मनात पहिली भीती तीच आली.

ती भीती रास्त होती आणि न्यूरॉलॉजिस्टनी ती नीट तपासली. जीबीएसमध्ये अशक्तपणा बहुतेक वेळा दोन्ही पायांत येतो, खालून वर चढतो आणि गुडघ्यावर हातोडी मारल्यावर येणारा झटका मंदावतो किंवा नाहीसा होतो. हिचा अशक्तपणा एकाच पायात होता आणि झटके शाबूत होते. नसांच्या वहनाची तपासणी जीबीएसच्या पहिल्या आठवड्यात नॉर्मल येऊ शकते, म्हणून ती दोन आठवड्यांनी पुन्हा केली. मेंदू आणि मणक्याचा एमआरआयही स्वच्छ आला. निदान झालं फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर, म्हणजे एफएनडी: मेंदू आणि नसांची रचना शाबूत, पण त्यांच्या कामात बिघाड.

घरी पोचेपर्यंत त्याचं झालं "काही नाही, टेन्शन आहे." सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. नवरा म्हणाला, "शाळेत जायचं नसेल तर सरळ सांग." तिला सर्वांत जास्त लागलं ते हे वाक्य, कारण रात्री पडल्या पडल्या तीही स्वतःला तेच विचारत होती.

इथे नुसती समजूत घालून भागत नाही, पुरावा दाखवावा लागतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी नवऱ्यासमोर तिची एक तपासणी पुन्हा केली. अमेरिकन डॉक्टर चार्ल्स हूव्हर यांनी ती 1908 मध्ये मांडली. रुग्णाला पाठीवर झोपवतात. डॉक्टर अशक्त पायाच्या टाचेखाली हात ठेवून म्हणतात, "टाच खाली दाबा." जोर लागत नाही. मग हात तिथेच ठेवून चांगला पाय वर उचलायला सांगतात आणि त्याला वरून विरोध करतात. आता लक्ष चांगल्या पायाकडे असतं, आणि त्याच क्षणी अशक्त टाच आपोआप जोरात खाली दाबली जाते. नवऱ्याने तो जोर स्वतःच्या तळहातावर अनुभवला.

यावरून "बघा, पकडलं!" असा अर्थ काढणारे लोक असतात. तो साफ चुकीचा आहे. मेंदूपासून पायापर्यंतची वाट शाबूत आहे, जाणूनबुजून पाय हलवायला जावं तेव्हाच ती अडते, एवढंच यातून कळतं. ही तपासणी घरी करून कुणी निकाल देऊ नये. खुब्यात दुखत असेल किंवा सूचना नीट कळली नसेल, तरी ती फसवी येते.

अडतं कुठे? आपण हालचाल करतो तेव्हा मेंदू तिचा अंदाज आधीच बांधतो आणि शरीराकडून येणाऱ्या संवेदनेशी ताडून बघतो. दोन्ही जुळलं की "हे मी केलं" असं वाटतं. 2010 मध्ये फंक्शनल कंप (एफएनडीमुळे येणारी थरथर) असलेल्या रुग्णांच्या मेंदूचा स्कॅन करून एक तुलना झाली: त्यांचा आपोआप येणारा कंप आणि त्यांनीच मुद्दाम आणलेला कंप. आपोआप येणाऱ्या कंपाच्या वेळी, हे ताडून बघण्याशी संबंधित असलेल्या मेंदूच्या उजव्या बाजूच्या एका भागात सक्रियता कमी दिसली. अभ्यास छोटा होता, पण "मी करत नाहीये, होतंय" या रुग्णांच्या म्हणण्याला त्याने आधार दिला. दुखापतीनंतर लक्ष त्या पायावर खिळतं, "हा उचलणार नाही" हा अंदाज घट्ट होतो आणि हालचाल त्या अंदाजाप्रमाणे होऊ लागते.

मग घरच्यांचा शोध सुरू होतो: ताण कसला होता? सासूचा? नोकरीचा? 2013 पासून डीएसएम-5 मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली) या निदानासाठी मानसिक ताण सापडलाच पाहिजे ही अट नाही. ताण असेल तर त्यावर जरूर बोलावं. पण नसलेला उकरून काढू नये, रुग्णाचा विश्वास तिथेच तुटतो.

उपचाराचा कणा म्हणजे एफएनडी समजणारा फिजिओथेरपिस्ट. नेहमीचा "हा पाय उचला, दहा वेळा" हा व्यायाम इथे उलटा पडू शकतो, कारण लक्ष पुन्हा पायावरच जातं. हिला आधी टेबलापाशी उभं करून वजन डावीकडून उजवीकडे झुलवायला दिलं. मग नजर समोरच्या खिडकीवर ठेवून बाजूला चालणं, उलटं चालणं आणि 100 मधून 7 वजा करत चालणं. उलटं चालताना पाय ओढला जात नाही हे तिला आरशात दिसलं आणि ती थबकली. एकेक फेरी थोडा वेळच, दिवसातून अनेकदा. वॉकर आणि नी-कॅप शक्य तितक्या लवकर सोडवले.

समुपदेशनात आम्ही लक्षणांची वही बंद केली. पाय किती जड वाटला हे रोज मोजणं म्हणजे रोज त्याच्यावर पहारा ठेवणं. त्याऐवजी काय केलं ते लिहायचं: भाजी आणली, दोन जिने चढले. नवऱ्याला दोन पथ्यं दिली: "आता उचल बघू" म्हणायचं नाही आणि न मागता दंड धरायचा नाही.

बिघडलं ते बऱ्या दिवसांमुळे. एका रविवारी ती सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आली आणि पुढचे चार दिवस पाय पुन्हा ओढला. रोजचं प्रमाण ठरवून, बऱ्या दिवशीही तेवढंच करायचं, हे शिकायला तिला सर्वांत जास्त वेळ लागला.

संशोधनाबद्दल खरं तेच सांगायचं. 2017 मध्ये ब्रिटनमध्ये 60 रुग्णांवर पाच दिवसांची खास फिजिओथेरपी करून पाहिली, तेव्हा उत्साहवर्धक सुधारणा दिसली. 2024 मध्ये तिथेच 355 रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिच्या मुख्य मोजमापात खास आणि नेहमीच्या फिजिओथेरपीत ठोस फरक आढळला नाही, मात्र "आम्ही सुधारलो" असं म्हणणारे रुग्ण खास गटात जास्त होते. म्हणून खात्रीचं वचन आम्ही देत नाही. ही शिक्षिका आधी अर्धवेळ, मग पूर्णवेळ शाळेत जाऊ लागली. दमली की पाय अजून थोडा जड होतो.

एफएनडीचं निदान झालेल्या माणसालाही दुसरा आजार होऊ शकतो. लघवी अडणं किंवा नकळत होणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, चेहरा अचानक वाकडा होणं, बोलणं अडखळणं, गिळायला किंवा श्वासाला त्रास, अशक्तपणा दुसऱ्या पायात किंवा हातात चढत जाणं, यांपैकी काहीही झालं तर "ते जुनंच" म्हणून थांबू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा आणि आधीचे सगळे रिपोर्ट बरोबर न्या.